घोडा घसरला नव्हता

मी एक जुना घोडा आहे. मित्रांनो, लगेच कान टवकारू नका. मला ना शेपूट, ना आयाळ, आणि कुणी उचलून नेल्याशिवाय मी कधी दाराबाहेरही पडलो नाही. रंगारी आणि सुतार ज्याला घोडा म्हणतात तो मी. दोन शिड्या डोक्याशी बिजागरीने जोडलेल्या, माथ्यावर रंगाचा डबा ठेवायला एक फळी, आणि पाय फाकू नयेत म्हणून मधोमध एक साखळी. मिटलं की भिंतीला टेकायचं आणि उघडलं की माणसाला उंच करायचं, एवढ्या दोन कामांत माझं आयुष्य गेलं. पण मला सांगायचं आहे ते माझ्यावर चढणाऱ्या एका माणसाविषयी. तेव्हा मी आपलंच घोडं पुढे दामटतोय असं वाटलं, तर खुशाल हसा.

मला मामांनी घडवलं. मामा म्हणजे माझ्या मालकाचे मामा. ते सुतार होते. पाडलेल्या एका घराच्या चौकटींतून त्यांनी माझे पाय काढले, म्हणून माझ्या एका पायावर अजून कडीचं भोक आहे. काम पुरं झाल्यावर ते माझ्या प्रत्येक पायरीवर स्वतः चढून नाचले. पायरी कुरकुरली की काढायची आणि नवी बसवायची, असं त्यांचं काम. मग त्यांनी मला खांद्यावर टाकलं आणि भाच्याच्या घरी आणून उभं केलं. भाच्याने नुकताच पाट्या रंगवण्याचा धंदा सुरू केला होता. सगळे त्याला पेंटर म्हणत, बायकोसुद्धा.

माझ्याबरोबर मामांनी एक नियमही दिला. ते म्हणाले, "वर गेलेल्याला खालून हाक मारायची नाही. काय सांगायचं ते त्याचे पाय जमिनीला लागल्यावर." नियम चांगला होता. उंचावर काम करणाऱ्याला अचानक हाक आली तर तो दचकतो, मान वळवतो आणि तोल जातो. मामांचा एक सोबती असाच पडला होता. त्या घरात हा नियम सगळ्यांच्या अंगवळणी पडला.

ते दिवस चांगले होते. पेंटर अनवाणी चढायचा. पायरीला तळवा लागल्याशिवाय हात सरळ चालत नाही म्हणायचा. त्याची बायको एक पाय माझ्या खालच्या पायरीवर रोवून मला दोन्ही हातांनी धरायची. त्यांची मुलगी तेव्हा रांगत होती. एकदा ती माझ्याखाली येऊन बसली आणि वरून लाल रंगाचा थेंब नेमका तिच्या नाकावर पडला. त्या दिवसापासून तिचं नाव ठिपकी. खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं.

पेंटरच्या डोक्यात गमती फार. चष्मेवाल्याची पाटी रंगवताना त्याने शेवटची अक्षरं मुद्दाम धूसर आणि बारीक काढली. लोक रस्त्यात थांबून डोळे बारीक करायचे, वाचता येईना की घाबरून दुकानात शिरायचे. चष्मेवाला खूश. किल्ल्या बनवणाऱ्याच्या पाटीवर त्याने प्रत्येक अक्षर जुडग्यातल्या किल्लीसारखं लटकवलं. अशा पाट्या बघून लोक तोंडात बोट घालत. मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा: या सगळ्या गमती त्याला नीट झोपून, जेवून, पोरीला शाळेत सोडून आल्यावर सुचल्या. मला ठाऊक आहे, कारण त्याचं वजन माझ्यावर होतं. त्या दिवसांत तो पायरीवर शांत उभा असायचा, दोन्ही पायांवर सारखा.

मग शाळेच्या लांब भिंतीचं काम आलं. भिंतीवर नदी आणि मासे काढायचे होते. पहिले काही दिवस ठीक गेले. पुढे त्याचे पाय माझ्यावर ठरेनात. तो पायऱ्या गाळून चढायचा, अर्धा मासा काढून खाली उतरायचा, पुन्हा चढायचा. जेवणाचा डबा तसाच परत जायचा. बोलणं इतकं भरभर व्हायचं की एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. झोप जवळजवळ उडालीच होती आणि त्याला तिची गरजही वाटत नव्हती. "मला आता सगळ्याचे रंग ऐकू येतात," असं तो बायकोला म्हणाला. ती नुसती हसली.

गर्दी जमू लागली. मामाही येऊन उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, "आज पोरगा रंगात आलाय." झालं, सगळ्यांना शब्द मिळाला. पेंटर रंगात आला. रंगाऱ्याने रंगात यायचं नाही तर कुणी यायचं? ठिपकीची आई एकदा हळूच म्हणाली, "मामा, हे दिवसेंदिवस नीट झोपत नाहीत हो." मामांनी ओठांवर बोट ठेवलं. "वर आहे तो. हाक मारू नकोस."

त्या भिंतीचं फार कौतुक झालं. गावाने पेंटरला डोक्यावर घेतलं. मी भिंतीच्या सगळ्यात जवळ होतो, म्हणून मला दिसलं ते सांगतो. सुरुवातीचे मासे सुंदर होते, पाण्यातून आत्ता वळतील असे. शेवटी शेवटी काढलेल्या माशांना डोळे नव्हते. रंग वाळायच्या आत त्यावर दुसरा रंग चढला होता आणि ओघळ खाली आले होते. पण भिंत रंगात आलेल्या माणसाची आहे असं एकदा ठरल्यावर ओघळ कोण बघतो? लोक त्यालाच नदी म्हणाले.

भिंत संपली आणि पेंटरने अंथरूण धरलं. मला दाराआड उभं केलं गेलं, तिथून त्याची पाठ दिसायची. ब्रश डब्यातच वाळून दगड झाले. ठिपकी रंगीत खडू घेऊन त्याच्याजवळ जायची, "बाबा, मासा काढा ना." तो भिंतीकडे तोंड फिरवायचा. नंतर उशीत तोंड खुपसून रडायचा. तेव्हा गर्दी आली नाही. शेजारी म्हणाले, कलावंत माणूस, लहरी असायचाच. कुणी म्हणालं, कौतुकाने आळस चढला. तो चढला की बघायला सगळे, आणि पडला की खोलीत फक्त दोघी. मला याचा आजही राग येतो.

असं पुन्हा पुन्हा झालं. शेवटी ठिपकीची आई त्याला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. परत आल्यावर तिने माझ्यासमोरच मामांना सगळं सांगितलं. हा आजार आहे, त्यात माणूस कधी फार वर जातो आणि कधी फार खाली. रंगाचा त्यात दोष नाही आणि माणसाचाही नाही. गोळ्या रोज घ्यायच्या, बरं वाटलं तरी घ्यायच्या. काही त्रास झाला तर येऊन सांगायचं, गोळी बदलता येते, पण मनाने बंद करायची नाही. मामांनी ऐकून घेतलं आणि रंधा उचलून कामाला निघून गेले.

गोळ्यांनी गुण आला. पेंटर झोपू लागला, जेवू लागला. ठिपकीच्या वेणीला त्याने एकदा निळी रिबीन बांधली, वाकडी, पण बांधली. पायरीवर त्याचं वजन पुन्हा सारखं पडू लागलं. फक्त हात किंचित थरथरायचा. भाजी चिरताना किंवा बटण लावताना तो कंप कुणाला दिसलाही नसता, पण अक्षर काढताना दिसायचा. बेकरीवाल्याची पाटी लागली तेव्हा तो मान तिरकी करून म्हणाला, "पेंटर, तुमच्या र ला थंडी वाजतेय का हो?" सगळे हसले. पेंटरही हसला. घरी येऊन त्याने माझ्या पायावर खडूने र काढून बघितला, पुसला, पुन्हा काढला.

बायको म्हणाली, "अहो, डॉक्टरबाईंना सांगू या ना. गोळी बदलतील त्या."

"काय सांगू? माझा र नीट येत नाही म्हणून? लोक मरणाच्या दुखण्याने रांगेत बसलेले असतात तिथे."

तो गेला नाही.

आणि मग नाट्यगृहाचं काम आलं. बाहेरची सगळी भिंत, त्यावर आकाश. व्यवस्थापक स्वतः घरी आले. म्हणाले, "पेंटर, शाळेच्या वेळी आला होतात तसे रंगात या. हे हल्लीचं नको." पेंटर मान खाली घालून बसला. ते गेल्यावर मामा त्याच्याजवळ बसले. मामा वाईट नव्हते, मित्रांनो. भाच्यावर त्यांचा जीव होता, म्हणून तर ते असं म्हणाले.

"भिंत होईपर्यंत गोळ्या बाजूला ठेव. मग घे की. तुझी कला त्या डबीत बंद झालीये."

"मामा, डॉक्टरबाई नको म्हणाल्यात," ठिपकीची आई म्हणाली.

"त्यांना रंगातलं काय कळतंय?"

तिने नवऱ्याकडे बघितलं. पेंटरच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की तिला पुढे बोलवेना. गोळ्यांची डबी भिंतीतल्या वरच्या फळीवर गेली.

हाताचा कंप थांबला. ठिपकीने त्याला मोठ्या कागदावर र काढायला लावला आणि तो आला, तसाच, पहिल्यासारखा. सगळं घर आनंदलं. पुढे भिंतीवरचं काम वाढत गेलं तशी त्याची झोप उडाली, डबा परत येऊ लागला, बोलणं धावू लागलं. ओळखीची एकेक खूण परत येत होती. पण घरात आजाराला ठेवलेलं नाव चुकीचं होतं. "रंगात आलाय," असं मामा प्रत्येकाला अभिमानाने सांगत. संध्याकाळी तो खाली उतरला की लोक त्याला चहा देत, पाठीवर थाप देत, आणि उद्या कोणता ढग काढणार ते विचारत. तू झोपलास कधी, असं कुणी विचारलं नाही.

तो शेवटचा दिवस लख्ख उन्हाचा होता. ठिपकीची आई मला धरून उभी होती, शाळा सुटल्यावर ठिपकीही आली होती. पेंटर माझ्या माथ्यावरच्या फळीवर चढला. ती फळी डब्यासाठी होती, माणसासाठी नव्हती. तिथे उभं राहून त्याने एक मोठा पांढरा ढग पुरा केला. मग ब्रश खाली टाकून दिला. तो स्वतःशी हसत होता. ठिपकीने मान वर केली आणि तोंड उघडलं, "बाबा, खाली..." तेवढ्यात आईने तिच्या तोंडावर हात ठेवला. वर गेलेल्याला हाक मारायची नाही.

पेंटरने ढगावर पाय ठेवला. जिन्याची पुढची पायरी चढावी तसा, अजिबात न भिता. मग दुसरा पाय माझ्यावरून सुटला आणि माझ्यावर वजनच उरलं नाही.

लोक धावले. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता.

"घोडा घसरला." कुणी पहिल्यांदा म्हटलं ते मला माहीत नाही. पण ते वाक्य सगळ्यांच्या सोयीचं होतं. मामांनी माझी साखळी ओढून बघितली, ताठ होती. बिजागरी बघितली, घट्ट होती. चारही पाय जागच्या जागी होते. त्यांना खोट सापडली नाही, तरी येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच सांगत राहिले, "माझाच घोडा घसरला." खापर माझ्या डोक्यावर फुटलं. मी लाकडाचा. मला बोलता आलं असतं तरी त्या घरात, त्या दिवसांत मी बोललो असतो का, सांगता येत नाही. मामांनी मला फोडायला कुऱ्हाड आणली आणि तशीच खाली ठेवली. त्यानंतर त्यांनी कुणासाठी घोडा बनवला नाही. पुढे तेही वारले.

मी परसात पडलो. माझ्या पायऱ्यांवर कपडे वाळू लागले. घरातले ब्रश, खडू, रंगाचे डबे ठिपकीच्या आईने एका दिवसात बाहेर काढून टाकले. ठिपकीने शाळेत चित्र काढलं की ती रागवायची नाही, पण तिचा चेहरा असा व्हायचा की पोर पेन्सिल खाली ठेवायची. बघा कसं झालं. मामांनी आजाराला कला समजून जपलं, आणि या माउलीने कलेला आजार समजून घराबाहेर काढलं. दोघांनीही मायेनेच केलं.

ठिपकी मोठी झाली आणि चष्मेवाल्याच्याच दुकानात कामाला लागली. रोज बापाने रंगवलेल्या पाटीखालून आत जायची. एक दिवस तिथे डॉक्टरबाई चष्मा करायला आल्या. त्या आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. संध्याकाळी माझ्यावरचे वाळलेले कपडे काढताना ठिपकी आईला सांगत होती ते मी ऐकलं.

"मी त्यांना विचारलं, मी ब्रश हातात धरला तर मलाही बाबांचा आजार होईल का?"

आईच्या हातातला कपडा तसाच राहिला. "मग?"

"म्हणाल्या, ब्रशाने होत नाही. आणि ब्रशाने बराही होत नाही. घराण्यात असेल तर लक्ष ठेवायचं, पण त्यासाठी हात बांधून बसायचं नाही. असे कितीतरी लोक औषध घेऊन कामं करतायत म्हणाल्या. बाबांची गोळी बदलायची राहिली, एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या."

 नंतर आई बराच वेळ माझ्या पायाला धरून उभी राहिली.

काही दिवसांनी कळलं की नाट्यगृहाच्या भिंतीचे पोपडे सुटलेत आणि तिला सरसकट पांढरा रंग द्यायचा आहे. ठिपकी म्हणाली, "मी देते. दुसऱ्या कुणी त्यावर हात फिरवायचा नाही." आईने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. सकाळी ती परसात आली, माझ्यावरचे कपडे काढले, ओल्या फडक्याने मला पुसलं. एक बाजू तिने उचलली, दुसरी ठिपकीने.

भिंतीचं आकाश विटलं होतं. आईने मला उघडलं, साखळी ताणली आणि पूर्वीसारखाच एक पाय खालच्या पायरीवर रोवला. ठिपकी चढली. अनवाणी. तिचा तळवा पायरीला लागला आणि मला पेंटरची आठवण आली. ढगाशी पोचल्यावर ती थांबली.

खालून कुणाला ते कधीच दिसलं नव्हतं. पांढऱ्या ढगावर एका पायाचा ठसा होता. ओल्या रंगात उमटलेला पंजा, पाचही बोटं वरच्या बाजूला, आणि त्याखाली भिंतीवर ओढत गेलेली एक पुसट रेघ. घसरलेला माणूस भिंतीला हात लावतो. या माणसाने पाय ठेवला होता.

ठिपकी खाली उतरली. पाय जमिनीला लागल्यावर म्हणाली, "आई, घोडा घसरला नव्हता."

"माहीत आहे."

"तुला माहीत आहे?"

"मीच धरला होता ना. जरासुद्धा हलला नाही तो." आई माझ्याकडे बघत बोलत होती. "घोड्याचं नाव घेतलं की पुढे कुणी काही विचारत नव्हतं. मामाही जगले, मीही जगले त्यावर."

ठिपकीला रडू आलं. "मी हाक मारणार होते गं."

"आणि मी तुझं तोंड दाबलं. ते रोज आठवतं मला. पण खरं सांगू का, तेव्हा हाक मारूनही तुझे बाबा आले असते की नाही, देव जाणे." ती माझी साखळी चाचपत राहिली. "मामांचा नियम आपण अर्धाच पाळला, ठिपके. काय सांगायचं ते पाय जमिनीला लागल्यावर, असं होतं ना? बाबा रोज संध्याकाळी खाली उतरत होते. रोज आपल्यासमोर पायात चपला घालून उभे असायचे. तेव्हा तरी कुणी काय विचारलं?"

दोघी माझ्या खालच्या पायरीवर टेकल्या. येणारे जाणारे बघत होते. मग ठिपकीने डोळे पुसले, ती पुन्हा चढली आणि पहिल्यांदा त्या ठशावरच पांढऱ्या रंगाचा हात दिला. पेंटर परत येणार नव्हता. माझ्यावरचा आळ गेला, पण त्याचं मला काही सुख झालं नाही.

आता मी पुन्हा कामावर आहे. सुटीच्या दिवशी ठिपकी पाट्या रंगवते. तिचा र बापासारखा नाही, तिचा आहे. तिला तो आजार झालेला नाही. उद्या झालाच तर या घरात त्याला त्याच्याच नावाने बोलावतील आणि डॉक्टरकडे जातील, एवढी मला खात्री आहे.

मित्रांनो, माझे सांधे आता कुरकुरतात, फार दिवस मी उभा राहीन असं वाटत नाही. मला तेलपाणी केलं नाहीत तरी चालेल. पण तुमच्या घरात, वर्गात कुणी सुंदर काही करत असेल आणि त्याची झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, किंवा कुणी दिवसेंदिवस भिंतीकडे तोंड करून पडलं असेल, तर टाळ्या नंतर वाजवा. आधी विचारा. मोठ्यांना सांगा, डॉक्टरांकडे न्या. तो वर असताना भीती वाटत असेल तर खाली उतरेपर्यंत थांबा, पण तो उतरल्यावर गप्प राहू नका.

ठिपकी माझ्यावरून उतरते तेव्हा तिची आई वर पाटीकडे बघतसुद्धा नाही. पोरीचे दोन्ही पाय जमिनीला लागू देते आणि तिच्या डोळ्यांत बघून विचारते, "झोप झाली होती का गं काल नीट?"